बर्फावरच्या आर्कसाठी छोटा स्पेक्ट्रोमीटर : हिवाळाभर वापरल्यानंतर

क्वेबेकमधलं जानेवारी १९९८चं बर्फवादळ बऱ्याच जणांना माहीत असेल. तेव्हा बर्फाच्या वजनाने विजेचे मनोरे कोसळले होते. आमचं काम त्याच प्रांतातलं, पण प्रश्न वेगळा. मनोरा उभाच आहे, तारा मनोऱ्यापासून वेगळ्या ठेवणाऱ्या इन्सुलेटरवर बर्फ साचलाय, वर पाण्याचा पातळ थर आहे आणि बर्फ जिथे सुटलाय त्या फटीत आर्क, म्हणजे हवेतून वाहणाऱ्या विजेची झगझगीत ठिणगी, पेटतो. तो पसरत दुसऱ्या टोकाला पोचला (याला फ्लॅशओव्हर म्हणतात) की लाइन ट्रिप, म्हणजे वीज आपोआप बंद. हे कोल्ड चेंबरमध्ये, म्हणजे गोठवणाऱ्या थंड खोलीत, घडवून आणायचं आणि त्याच्या उजेडाचा वर्णपट (कोणत्या तरंगलांबीचा उजेड किती, याची नोंद) घ्यायचा, त्यासाठी हा तळहातावर मावणारा, फायबरवर (उजेड वाहून नेणाऱ्या बारीक तंतूवर) चालणारा सीसीडी (कॅमेऱ्यातल्यासारखा सेन्सर असलेला) स्पेक्ट्रोमीटर घेतला.

आर्कमध्ये काय काय आहे, हे तो झटक्यात सांगतो. ५८९ नॅनोमीटरला सोडियम, ६५६.३ला हायड्रोजन, ३०९च्या आसपास ओएचचा (पाण्याच्या रेणूच्या तुकड्याचा) पट्टा. इलेक्ट्रोड तांब्याचा असेल तर ५१०.६, ५१५.३ आणि ५२१.८च्या हिरव्या रेषा. त्यात सोडियमची दादागिरी फार. पाणी गोठताना क्षार बर्फाबाहेर ढकलले जातात, म्हणून वरचं पाणी मूळ पाण्यापेक्षा खारट होतं. गॅसवर भाताचं पाणी उतू गेलं की ज्योत पिवळी होते ना, तोच प्रकार. एक्स्पोजर वाढवलं की ५८९ला सेन्सर सॅच्युरेट, म्हणजे त्याची मोजायची मर्यादाच संपते; कमी केलं की ओएच गायब. दोन एक्स्पोजर पाठोपाठ घेता येतात, पण तोवर आर्क बदललेला असतो.

ओएच हवा असेल तर फायबर आणि चेंबरची खिडकी दोन्ही क्वार्ट्झचीच हवीत. साध्या काचेतून ३०९ जवळजवळ येतच नाही. आणि ६१८ला अनोळखी रेषा दिसली तर लगेच शोधनिबंध लिहायला बसू नका, ती ३०९चीच दुसरी ऑर्डर, म्हणजे दुप्पट तरंगलांबीच्या जागी उमटलेली तिची खोटी प्रतिमा, असू शकते. फिल्टर लावला की जाते.

यंत्र चेंबरबाहेर ठेवलंय, फायबर तेवढा आत. गारठ्यात यंत्राची तरंगलांबीची मोजणी सरकते, त्यामुळे ज्याच्या रेषांच्या जागा पक्क्या माहीत आहेत अशा पारा-आरगॉन दिव्याने कॅलिब्रेशन तपासत राहावं लागतं. फायबरच्या टोकावर दहिवर धरतं. कोरड्या नायट्रोजनची हलकी फुंकर चालू ठेवली की त्रास नाही. फ्लॅशओव्हरच्या क्षणी मात्र यूएसबी कधीकधी तुटते आणि नेमका हवा तोच वर्णपट जातो. कंपनीने केबलवर फेराइट (विजेचा गोंगाट अडवणारं कडं) लावायला सांगितलं. फरक पडला, पण दुखणं गेलं नाही.

खरी नाराजी इलेक्ट्रॉन घनतेबद्दल, म्हणजे आर्कमध्ये सुटे इलेक्ट्रॉन किती दाट आहेत त्याबद्दल. त्यासाठी ४८६.१च्या हायड्रोजन रेषेची रुंदी मोजतात; घनता वाढली की ती वाढते. घनता दर घनसेंटीमीटरला १० चा १६वा घात असेल तर ती रुंदी साधारण १ नॅनोमीटर येते. या यंत्राची स्वतःची रुंदीच तेवढी! वजा करून आकडा काढता येतो, पण त्या आकड्यावर मी सही करणार नाही. शिवाय इथला पुरवठा ६० हर्ट्झचा, अर्धं चक्र ८.३ मिलिसेकंदांचं. एक्स्पोजर त्याहून लांबलं की शिखर आणि शून्य दोन्हींची सरासरी हाती येते.

आर्कमध्ये कोणती मूलद्रव्यं आहेत आणि इलेक्ट्रोड कधी झिजायला लागतो, एवढंच पाहायचं असेल तर डोळे झाकून घ्या. तापमान आणि घनता छापायची असेल तर लांब फोकसचा मोनोक्रोमेटर (तरंगलांबी जास्त बारकाईने वेगळी करणारं मोठं यंत्र) आणि गेट लावता येणारा, म्हणजे अगदी क्षणभरच उघडणारा, कॅमेरा कुणाकडून तरी उसना मिळतोय का, ते आधी बघा. आम्ही सध्या ५८९च्या फिल्टरमागे एक फोटोडायोड (उजेड मोजणारा छोटा सेन्सर) लावून ऑसिलोस्कोपला (वेळेनुसार संकेत दाखवणाऱ्या पडद्याला) जोडलाय. आर्क कधी पेटला आणि कधी विझला, हे त्यावर या यंत्रापेक्षा चांगलं कळतं.