हार्डकोर बँडचं कव्हर : सात इंची तबकडी, कॅसेट की सीडी?

हार्डकोर म्हणजे पंक रॉकचं आणखी वेगवान, ओरडून गायलेलं रूप. अशा बँडची पहिली ईपी, म्हणजे थोड्या गाण्यांचा छोटा संच, रेकॉर्ड झाली की कव्हरची चर्चा सुरू होते आणि ती नेहमी चित्रापासूनच सुरू होते. एकाला कवटी हवी असते, दुसऱ्याला गिगच्या, म्हणजे कार्यक्रमाच्या, गर्दीचा फोटो. माझं म्हणणं, चित्राचं नंतर बघू. आधी वस्तू ठरवा, मग शाई आणि कागद. बँडकडे पैसे थोडे असतात आणि चुकलेली छपाई परत करायला ते उरत नाहीत.

मला स्वतःला सात इंची तबकडी सगळ्यांत जवळची वाटते. तिचं पाकीट साधारण 18 सेंटिमीटर चौरस असतं. हातात धरल्यावर चेहरा नीट दिसावा, एवढं मोठं. मिनिटाला साधारण 33 फेऱ्यांच्या वेगानं एका बाजूला सहा-सात मिनिटं मावतात, आणि या संगीतात तेवढ्यात चार-पाच गाणी होऊन जातात. मायनर थ्रेट या अमेरिकी हार्डकोर बँडच्या 1981 च्या पहिल्या ईपीत आठ गाणी आहेत. तिच्या कव्हरवर पायऱ्यांवर बसून, दुमडलेल्या हातांवर डोकं टेकवलेला एक मुलगा आहे, गायकाचा भाऊ. त्याचा चेहराही दिसत नाही. पहिल्या आवृत्तीचं कव्हर लाल होतं, पुढं तोच फोटो पिवळ्या, हिरव्या, निळ्या रंगात आला. चित्र पक्कं असलं की रंग बदलूनही ते लांबून ओळखू येतं.

वॉशिंग्टनच्या ज्या डिस्कॉर्ड लेबलनं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीनं, ती काढली, त्यांची सुरुवात टीन आयडल्स या बँडच्या ईपीपासून झाली. प्रती 1000. पाकीट कसं बनवतात हे या पोरांना माहीत नव्हतं. त्यांनी इंग्लंडहून आलेल्या एका सिंगलचं, म्हणजे एक-दोन गाण्यांच्या तबकडीचं, पाकीट उकललं, त्याचा आकार गिरवून घेतला, आणि छापून आलेले कागद मित्रमंडळींना बसवून कात्रीनं कापले, दुमडले, चिकटवले. हे आजही जमतं. फक्त पाण्याचा अंश असलेला पांढरा गम वापरू नका, कागद फुगतो आणि पाकिटाला पोक येतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप घ्या. दुमडायच्या रेघेवर क्रीजिंग करून, म्हणजे दाबून खाच पाडून, घ्या, नाहीतर काळी शाई घडीवर तडकते आणि खालचा पांढरा कागद डोकावतो. तबकडीचा खरा खर्च प्रेसिंगचा, म्हणजे तबकडी साच्यात दाबून काढण्याचा, असतो आणि त्यासाठी थांबावंही लागतं. त्यापुढे पाकिटाचा खर्च किरकोळ आहे, म्हणून तिथं काटकसर नको.

पन्नास प्रतींचा डेमो, म्हणजे बँडचं नमुन्याचं रेकॉर्डिंग, असेल तर मात्र कॅसेटच. इनले कार्डची, म्हणजे डबीतल्या छापील कार्डाची, दर्शनी बाजू जेमतेम साडेसहा सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच, कणा सव्वा सेंटिमीटर. इथं गर्दीचा फोटो टाकलात तर मुंग्या दिसतात. बॅड ब्रेन्स या हार्डकोर बँडचं 1982 चं पहिलं अल्बम मुळात कॅसेटवरच आलं होतं. पिवळ्या पार्श्वभूमीवर अमेरिकी संसदेच्या घुमटावर कोसळणारी वीज. सपाट रंग, एकच घटना, आणि ती एवढ्याशा कार्डावरही धडकते. कॅसेटचा दुसरा गुण म्हणजे कार्डाच्या घड्या वाढवत नेता येतात. भावगीतांच्या आणि आरत्यांच्या कॅसेटमधलं ते लांबलचक कार्ड आपण सगळ्यांनी उलगडलेलं आहे. सगळ्या गाण्यांचे शब्द तिथं बसवा. हार्डकोरमध्ये ओरडलेले शब्द पहिल्यांदा कळत नाहीत, ऐकणारा ते कार्ड हातात धरूनच ऐकतो.

सीडीबद्दल थोडक्यात सांगतो. बारा सेंटिमीटरचा चौकोन बरा असतो, पण डिजिपॅकला, म्हणजे पुठ्ठ्याच्या घडीच्या कव्हरला, डाय (कापायचा साचा) लागते, पंचिंग लागतं, आत ट्रे चिकटवावा लागतो, आणि एवढा खटाटोप मोठ्या संख्येलाच परवडतो. चाळीस मिनिटांचं अल्बम आणि सोबत चांगली पुस्तिका असेल तर करा. सहा गाण्यांसाठी साधं पुठ्ठ्याचं पाकीट पुरे.

आता शाई. ऑफसेटला, म्हणजे नेहमीच्या यंत्रछपाईला, प्रत्येक रंगाची प्लेट लागते, आणि शंभर प्रती काढा की हजार, प्लेटचा खर्च तोच. म्हणून कमी प्रतींना स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीतून शाई ओढून केलेली छपाई, बरं, तेही एक किंवा दोन रंगांत. लग्नपत्रिका छापणारे कारागीर हे काम उत्तम करतात. तपकिरी क्राफ्ट पेपरवर स्क्रीनची काळी शाई अशी बसते की बोटाला तिचा थर जाणवतो. ऑफसेटचा नुसता काळा मात्र मोठ्या जागेवर करडा वाटतो. म्हणून त्याखाली निळ्या-लाल शाईचा आधार देतात. पण त्याच काळ्यात बारीक पांढरी अक्षरं कोरलीत तर रजिस्टर, म्हणजे एका रंगावर दुसरा रंग नेमका बसणं, केसभर सरकलं तरी अक्षरांना रंगीत कडा येतात. शब्दांचं पान फक्त काळ्या शाईत ठेवा.

झेरॉक्सचा खरखरीत पोत या संगीताचा स्वतःचा आहे आणि मला तो मनापासून आवडतो. पण देवनागरीला तो झेपत नाही. एका मराठी गाण्याचे शब्द मी तीनदा झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत मुद्दाम खरवडले होते. दिसायला सुंदर. छापून आल्यावर गायकानं कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, 'दादा, हे रंग नाही, रग झालंय.' अनुस्वाराचा ठिपका उडाला होता. दुसऱ्या ओळीत 'बंड'चं 'बड'. चूक माझीच होती. तेव्हापासून पोत फक्त चित्राला देतो, शब्द वेगळ्या थरावर स्वच्छ ठेवतो, दहा पॉइंटच्या खाली जात नाही, आणि अनुस्वार, रफार हातानं थोडे जाड करतो.

शेवटी चित्र. फोटो घ्यायचा तर त्यात ताण हवा. ब्लॅक फ्लॅग या हार्डकोर बँडच्या 1981 च्या अल्बमवरचा आरशावर ठोसा मारणारा हात मोठ्या पाकिटावर आणि करड्या छटा जपणाऱ्या छपाईतच उभा राहतो. तो स्क्रीन प्रिंटिंगनं छापलात तर हाफटोनचे, म्हणजे करड्या छटा दाखवणारे, ठिपके मोठे ठेवावे लागतात. रेखाटन कुठल्याही मापात चालतं, म्हणून एकच कलाकृती कॅसेट, टी-शर्ट आणि पोस्टरवर फिरवायची असेल तर रेखाटनच घ्या. त्याच बँडचं चार काळ्या पट्ट्यांचं चिन्ह रेमंड पेटीबॉन या चित्रकारानं केलं. ते बॉलपेननं बाकावरही काढता येतं. तुमच्या चिन्हाची परीक्षा अशीच घ्या. कोलाजला खर्च काहीच नाही, पण दुसऱ्याचा फोटो उचलायचा असेल तर विचारून उचला. मायनर थ्रेटच्या त्याच कव्हरची नक्कल 2005 मध्ये नायकेनं एका पोस्टरवर केली आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली.

विषयही इथलाच घ्या. मुंबईच्या स्क्राइब या बँडनं अल्बमना 'मार्क ऑफ तेजा', 'हेल मोगॅम्बो' अशी नावं दिली आणि ती कुणालाच न्यूयॉर्कची उसनी वाटली नाहीत.

छापखान्यात जाण्याआधी एक डमी बनवा. त्याच ग्रॅमचा, म्हणजे त्याच जाडीचा, कागद आणा, त्याच मापात कापा, आत खरी तबकडी किंवा कॅसेट घाला, आणि प्रॅक्टिसच्या खोलीत ट्यूबलाइटखाली हातोहात फिरवा. आमच्या गेल्या डमीत ड्रमरनं तबकडी बाहेर काढायचा प्रयत्न केला तेव्हा ती निघेचना. पाकीट तीन मिलिमीटर तोकडं होतं.