विद्यापीठाचं डिपार्टमेंट की तालुक्याचं अनुदानित कॉलेज?

सेट-नेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) झालं, पीएचडी संपत आली की हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो आणि जो तो आपापल्या जागेचं रडगाणं गातो. मी समाजशास्त्राची, नऊ वर्षं तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात काढली, आता सहा वर्षं एका मोठ्या विद्यापीठात आहे (कुठल्या ते सोडा, अजून रिटायर व्हायचंय).

पगाराचं आधीच निकालात काढते. सातव्या वेतन आयोगात असिस्टंट प्रोफेसरचं बेसिक दोन्हीकडे ५७,७०० पासूनच, शहरात एचआरए (घरभाडे भत्ता) जास्त मिळतो पण तो घरमालकाच्याच खिशात जातो. वर्कलोडही कागदावर सारखाच, आठवड्याला १६ तास.

खरी गंमत त्या १६ तासांनंतर. कॉलेजात एफवायच्या वर्गात ऐंशी पोरं, वर ॲडमिशन, एनएसएसचं शिबिर, नॅकच्या (कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फायली, आणि संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस असला की तिथेही हजेरी लावायची. विद्यापीठात समोर एमएची बारा-पंधरा मुलं, त्यातली निम्मी तरी वाचून येतात, आणि मुख्य म्हणजे पीएचडीचे विद्यार्थी, असिस्टंट प्रोफेसरला एकावेळी ४ घेता येतात. कॉलेजला रिसर्च सेंटर नसेल तर हे विसराच.

आणि शेजार! पुण्याचं गणेशखिंडचं आवार बघा, १९४९ सालचं विद्यापीठ, ४०० एकरांहून मोठं, जयकर ग्रंथालय तिथेच, सायन्सवाल्यांना तर आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था पण आवारातच. म्हणजे आपल्या विषयावर वाद घालायला माणूस चालत जायच्या अंतरावर. कॉलेजात माझ्या विषयाची मी एकटीच, कशावर अडलं तर मैत्रिणीला फोन, तोही रेंज असली तर.

आता विद्यापीठातली फाईल. फिल्डवर्कसाठी मला एक व्हॉइस रेकॉर्डर हवा होता, साडेसहा हजारांचा. तीन कोटेशन जोडली, टिपणी लिहिली, एचओडींची सही झाली, मग फाईल वित्त विभागात गेली आणि दोन महिन्यांनी परत आली, शेरा काय तर कोटेशनची मुदत संपली. अहो ती तुमच्याच टेबलावर संपली ना! शेवटी मुलाखती मोबाईलवरच घेतल्या. कॉलेजात प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन "सर, हे लागतंय" म्हटलं की चहा संपेपर्यंत उत्तर मिळायचं, बहुतेकदा नाहीच, पण मिळायचं.

दुसरं, रिकाम्या जागा. आमच्याकडे मंजूर पदं नऊ, भरलेली चार, बाकी सगळं सीएचबीवर (तासाप्रमाणे पैसे घेणाऱ्या तात्पुरत्या शिक्षकांवर), त्यामुळे जेवढ्या म्हणून कमिट्या असतील त्या आम्हा चौघांच्याच डोक्यावर, आणि रिसर्चसाठी आलात म्हणून कोणी सोडत नाही. कॉलेजातही जागा रिकाम्या असतातच म्हणा, आणि तिथे नोकरीला घेताना कोणी "इमारत निधी" वगैरे शब्द काढला, म्हणजे पैसे मागितले, तर तिथूनच मागे फिरा.

लिहायचंय, संशोधन करायचंय तर माझं मत विद्यापीठ, फायलींसकट. पण घरात पहिल्यांदाच शिकणारी पोरं शिकवायची हौस असेल तर कॉलेजसारखी जागा नाही, माझी एक विद्यार्थिनी आज तलाठी आहे, अजून पेढे घेऊन येते, विद्यापीठात सहा वर्षांत पेढा नाही बघितला.

आणि एक, इंटरव्ह्यूच्या दिवशी तासभर आधी जाऊन डिपार्टमेंटमध्ये चक्कर मारा, किती केबिनना कुलूप आहे आणि किती कुलपांवर धूळ आहे तेवढं मोजा.