डीकॅपिंग पिन: घसरणारी, बदलायची की कडक?

रीलोडिंग म्हणजे डागलेल्या काडतुसाची रिकामी पितळी केस पुन्हा भरणे, आणि त्यासाठी केसच्या तळातला वापरलेला प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टिकली, ढकलून काढते ती डीकॅपिंग पिन. ही पिन तुटली की दोष पोलादाला दिला जातो आणि माणूस आणखी कडक पिन शोधू लागतो. बहुतेक वेळा गोम तिथे नसतेच. पिन किती टिकणार हे आधी ठरते तिच्यापुढे कोणता ब्रास, म्हणजे कसल्या केसेस, येतो यावर, मग ती डायमध्ये, म्हणजे प्रेसवर बसणाऱ्या साच्यात, कशी धरली आहे यावर, आणि पोलादाचा नंबर शेवटी लागतो. खरेदी करताना मात्र आपण नेमके उलटे चालतो, कारण पाकिटावर पोलादाचेच गुण छापलेले असतात.

हे सगळे अमेरिकेत राहून रीलोडिंग करणाऱ्यांसाठी. भारतात काडतुसे तयार करायला शस्त्र अधिनियम 1959 खाली परवाना लागतो, तेव्हा तिकडच्या नेमबाजांनी नुसते माहितीसाठी वाचावे.

काम तसे साधे आहे. प्रेसची, म्हणजे हाताने चालवायच्या दाबयंत्राची, मूठ खाली ओढली की रॅम हा त्याचा दांडा केसला वर डायमध्ये नेतो, पिन केसच्या तळातल्या फ्लॅश होलमधून जाते आणि वापरलेला प्रायमर खाली पाडते. अमेरिकेत रूढ असलेल्या बॉक्सर पद्धतीच्या केसला हे भोक मधोमध एकच असते, साधारण 0.080 इंच, म्हणजे 2 मिमी. नेहमीची पिन 0.070 इंचाच्या आसपास. चहूबाजूंनी पाच हजारांश इंचाची मोकळीक मिळते, बस्स. भोक जरा सरकलेले असेल किंवा केस शेलहोल्डरमध्ये, म्हणजे तिचा तळ धरणाऱ्या खाचेत, पुरती आत गेली नसेल, तर पिन भोकाच्या कडेवर चढते.

सरळ दाबाखाली पिन सहसा तुटत नाही. ती आधी वाकते. कडक असेल तर तिथेच मोडते, मऊ असेल तर वाकडी होऊन बसते. बारीक दांडी दाबाखाली कधी वाकेल याचे ऑयलरचे जुने गणित आहे: ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते आणि मोकळ्या लांबीच्या वर्गाने घटते. पिन आखूड असल्यामुळे सूत्र तिला तंतोतंत लागत नाही, पण कल कळतो. 0.070 ऐवजी 0.057 इंचाची पिन हातात घेतली तर डोळ्यांना फरक जेमतेम दिसेल, वाकण्याला होणारा विरोध मात्र सुमारे 44 टक्क्यांवर येतो. पोलाद बदलून एवढा फरक पडत नाही. पिन बारीक घ्यायची वेळ आली की हे लक्षात असू द्या.

घसरणारी दांडी: लीची रचना

विस्कॉन्सिनच्या ली प्रिसिजनच्या युनिव्हर्सल डायमध्ये वेगळी पिन नसते. एकच दांडी, टोकाकडे निमुळती होत गेलेली, आणि वर तिला आवळून धरणारे कॉलेट. दाब प्रमाणाबाहेर गेला की दांडी कॉलेटमधून वर सरकते आणि वाचते. पोलाद किती चांगले या भानगडीत न पडता, आधी काय हार मानेल हे इथे ठरवून टाकले आहे. मला हा विचार फार आवडतो.

पण ही रचना वापरणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे. कॉलेट सैल राहिले तर क्रिम्प केलेल्या, म्हणजे भोवतीचे पितळ दाबून पक्क्या केलेल्या, प्रत्येक प्रायमरला दांडी वर जाते, पुन्हा खाली आणून आवळा, पुन्हा वर जाते, आणि चिडलेला माणूस शेवटी दोन पाने लावून सगळी ताकद काढून आवळतो. मग ती घसरायची तेव्हाही घसरत नाही आणि वाकते. वाकली की पूर्ण दांडी बदलावी लागते. ती महाग नसली तरी सुटी पिन जशी डझनाने खणात पडलेली असते तशी दांडी कुणी ठेवत नाही, आणि रविवारची दुपार तिथेच संपते. ही डाय घेणार असाल तर एक जादा दांडी त्याच ऑर्डरमध्ये टाका.

बदलायची पिन: आरसीबीएस, रेडिंग

या कंपन्यांच्या डायमध्ये दांडीच्या टोकाला छोटी सुटी पिन असते, बारीक नटाने धरलेली. पिन मोडली तर नट काढायचा, दुसरी घालायची, पुढे चालू. पाच-पाचच्या पाकिटात मिळणाऱ्या या पिना स्वस्त आहेत. आरसीबीएसमध्ये डोके असलेली आणि सरळसोट, असे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ऑर्डर देण्याआधी आपली दांडी उघडून पाहा. सरळसोट पिन फक्त नटाच्या पकडीवर असते, त्यामुळे ती कधी वर सरकते, कधी प्रायमरमध्ये रुतून खाली ओढली जाते. डोक्याची पिन निदान खाली निसटत नाही.

या रचनेत पिन हा मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा आहे. ती मोडल्याने मागची दांडी आणि केसचे तोंड मापात आणणारा एक्स्पांडर बॉल वाचतात. म्हणून इथे फार कडक पिन घालण्यात मला शहाणपण दिसत नाही. घरातल्या फ्यूजच्या जागी जाड तार घालण्यासारखेच ते.

पिन संपल्या तर काही जण 50 नंबरच्या ड्रिलचा दांडा कापून घालतात. त्याची जाडी बरोबर 0.070 इंच असते, त्यामुळे तो बसतो आणि कामही भागते. कापलेल्या टोकाची धार मात्र घासून सपाट करायला हवी, नाहीतर ते टोक प्रायमरला ढकलण्याऐवजी भोसकते.

कडक पिना आणि भारी डाय

स्क्विरल डॅडीसारखे विक्रेते ली, आरसीबीएस, डिलनच्या डायना बसणाऱ्या कडक केलेल्या पिना विकतात. माइटी आर्मरी तर भक्कम डीकॅपिंग डायसाठीच ओळखली जाते. लष्करी ब्रास हजारांनी काढणाऱ्याला यात खरा फायदा आहे. 5.56 आणि 7.62 नाटोच्या केसेसमध्ये प्रायमर भोवतीने क्रिम्प करून घट्ट बसवलेला असतो, आणि मिसूरीतल्या लेक सिटी कारखान्याचा एलसी ठसा असलेला ब्रास रेंजवर ढिगाने मिळतो. असा प्रायमर काढायला लागणारा जोर रोजच्या प्रायमरपेक्षा बराच जास्त असतो, आणि तो प्रत्येक केसला लागतो. मऊ पिन तिथे हळूहळू वाकत जाते. आठवड्यातून एकदा शंभरेक 9 मिमीच्या केसेस काढणाऱ्याने मात्र या पिनांसाठी जादा पैसे का द्यावेत, हे मला कळलेले नाही.

पिनचे खरे शत्रू

पहिला, बर्डान पद्धतीची केस. या केसमध्ये मधोमध भोकच नसते. बाजूला दोन बारीक भोके आणि मध्ये पितळेचा उंचवटा, आणि पिन नेमकी त्याच्यावर जाऊन आदळते. गंमत अशी की ज्यांची नावे या पद्धतींना मिळाली त्यांतला बर्डान हा अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज, आणि अमेरिकेने डोक्यावर घेतली ती इंग्रजाची पद्धत. युरोपातल्या लष्करी दारूगोळ्यात आणि स्वस्त रशियन स्टीलच्या केसेसमध्ये बर्डान सर्रास भेटतो. टॉर्चच्या उजेडात केसच्या आत डोकावले की एक भोक की दोन, ते लगेच दिसते. चुंबक फिरवला तर स्टीलच्या केसेस आधीच बाजूला निघतात.

दुसरा, केसमधली केस. रेंजवर जमिनीवरून गोळा केलेल्या 9 मिमीच्या केसमध्ये .22 ची नळी बेमालूम अडकून बसते. खडे, आणि ब्रास घोळवून साफ करणाऱ्या टम्बलर यंत्रातले मक्याच्या बुरकुंड्याचे तुकडे याच जातीतले.

तिसरा, पाण्यात धुऊन नीट न वाळवलेला ब्रास. तो महिनोन् महिने पडून राहिला की प्रायमर त्याच्या खोबणीत गंजून चिकटतो. मग पिन प्रायमरचा तळ फोडून आरपार जाते आणि प्रायमरचे कडे आतच राहते. पिन शाबूत, तरीही काम फसले. टिकाऊपणाच्या गप्पांत हा प्रकार कुणी धरत नाही.

चौथा शत्रू आपण स्वतः जोडून देतो: दांडी वाकडी बसवणे. लॉकनट ढिला ठेवून भोक बरोबर मधोमध असलेली एक चांगली केस वर न्या, पिन भोकात शिरू द्या, आणि तशाच स्थितीत नट आवळा. पिन डायच्या तोंडाबाहेर 3 ते 5 मिमी पुरते. जास्त खाली सोडली की मागचा जाड भाग केसच्या तळावर आपटतो आणि मग कुठलीही पिन टिकत नाही.

बारीक भोकाचा प्रश्न

6.5 क्रीडमूर या कॅलिबरची रायफल घेणाऱ्याने इथे थांबून वाचावे. हॉर्नडी कंपनीच्या केसला मोठा प्रायमर आणि नेहमीचे भोक. फिनलंडच्या लापुआ कंपनीच्या त्याच कॅलिबरच्या केसला छोटा प्रायमर आणि 1.5 मिमीचे, म्हणजे 0.059 इंचाचे भोक. 6.5 ग्रेंडेल आणि .308 पाल्मा या लापुआच्या केसेसही त्याच पंगतीतल्या. 0.070 ची पिन त्यात जाणारच नाही. जोर केलात तर पिन मोडेल, किंवा भोकात घट्ट रुतून केससकट अडकेल. यासाठी रेडिंगसारख्यांची 0.057 ची पिन लागते, आणि तिची ताकद निम्म्याखाली आहे हे वर आलेच. म्हणून बारीक पिन त्या ब्रासपुरतीच ठेवावी, शक्य तर वेगळ्या डायमध्ये. भोक मोठे करून घेण्याचा सल्लाही ऐकू येतो. महागडा ब्रास ज्या एकसारखेपणासाठी घेतला त्यालाच दोन डॉलरच्या पिनसाठी हात लावायचा, हा हिशेब मला पटत नाही.

प्रेस कोणता, हेही पाहा

एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रेसवर पिन मोडली तर पुढच्याच केसला कळते, प्रायमर पडत नाही. डिलनसारख्या प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एका ओढीत अनेक कामे करणाऱ्या, प्रेसवर मात्र मूठ ओढत राहिले की जुना प्रायमर तसाच असलेली केस पुढच्या ठाण्यावर जाते आणि नवा, जिवंत प्रायमर तिच्या तळाशी दाबला जातो. हे धोक्याचे आहे. तिथे पिन मोडण्यापेक्षा ती मोडल्याचे न कळणे महागात पडते, आणि मूठ नेहमीपेक्षा जड लागली की जोर न करता थांबणे एवढाच त्यावर इलाज. प्रोग्रेसिव्हवाल्याने डीकॅपिंग आधी वेगळे उरकलेले बरे.

माझी निवड विचाराल तर अशी. रेंजवरचा मिश्र ब्रास आणि पिस्तुलाच्या केसेस असतील तर लीची युनिव्हर्सल डाय, वेगळी, फक्त याच कामाला. ती केसच्या बाजूंना स्पर्श करत नाही, त्यामुळे न धुतलेला ब्रास तिच्यातून काढला तरी केसला मूळ मापात आणणारी महागडी रिसायझिंग डाय खराब होत नाही, आणि रिसायझिंग डायमधली पिनची दांडी काढून ठेवता येते. लष्करी ब्रास पोत्याने असेल तर भारी डाय किंवा कडक पिन. लापुआचा निवडक ब्रास शंभर-दोनशेच्या घरात असेल तर रेडिंगची बारीक पिन, सोबत दोन-तीन जादा, आणि मूठ सावकाश.

कुठलीही घेतली तरी चष्मा लावा. वापरलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसे असते, म्हणून पडलेले प्रायमर डब्यात गोळा करा आणि जेवायला बसण्याआधी हात साबणाने धुवा.