१० पट भिंग: शंख ओळखायचे असतील तर घ्याच

आधी मी फक्त फोनवर फोटो काढून ॲपला विचारायचे, पण किनाऱ्यावर मिळणारे बहुतेक शंख लाटांनी घासलेले, उन्हाने पांढरे पडलेले असतात, त्यामुळे ॲप काहीही नाव द्यायचं. सहा महिन्यांपूर्वी हे घडीचं भिंग घेतलं, आणि शंख रंगावरून नाही तर तोंडावरून, म्हणजे त्याच्या उघड्या फटीवरून, ओळखायचा असतो हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

एक बदामी रंगाचा, गुळगुळीत, पातळ शंख मी कितीतरी दिवस ऑलिव्ह नावाच्या लांबट, गुळगुळीत शंखांच्या डबीत ठेवला होता. भिंगाखाली तोंडाची कड बघितली तर तिथे बारीक बारीक दात नुकते उमटायला लागलेले, म्हणजे ती लहान वयातली कवडी निघाली! कवडी मोठी होताना ओठ, म्हणजे तोंडाची बाहेरची कड, आत वळतो आणि मग दोन्ही कडांना दात येतात, त्याआधी ती कवडी वाटतच नाही. तेवढ्यासाठी सगळी डबी परत तपासली, दोन अजून सापडल्या, इतका आनंद झाला म्हणून सांगू.

दुसरं म्हणजे भोकं. रिकाम्या शिंपल्याला गोल भोक दिसलं की मी दोऱ्यासाठी बरं म्हणून उचलायचे, आता आधी कड बघते. बाहेर रुंद आणि आत निमुळतं, वाटीसारखं उतरतं भोक असेल तर बहुतेक मून स्नेलचं काम, आणि कडा सरळ असतील तर म्युरेक्सच्या कुळातल्या कुणाचं तरी. या दोन्ही शिंपल्याला भोक पाडून आतला जीव खाणाऱ्या समुद्री गोगलगाई.

तक्रारी तीनच. १० पट भिंग म्हणजे शंख लेन्सपासून जेमतेम अडीच सेंटीमीटरवर आणि लेन्स डोळ्याला चिकटवून धरावी लागते, हात स्थिर व्हायला वेळ लागतो. आणि आतला एलईडी कवडीवर नुसता चमकतो, काही दिसत नाही, तो बंद करून बाजूने ऊन घ्या. खाऱ्या हवेने स्क्रूला गंजही धरला, त्यामुळे घरी आलं की गोड्या पाण्याने पुसायचं.

एक मात्र कळकळीने सांगते, इतक्या जवळून बघायची सवय लागली की हात आपोआप पुढे जातो, पण कोन शंख (शंकूच्या आकाराचा) जिवंत असेल तर हातात घेऊ नका. त्याचा विषारी दात सोंडेतून कुठल्याही बाजूला पोचतो, त्यातल्या जिओग्राफी कोन या जातीच्या डंखाने माणसं मेलीत आणि त्यावर उतारा औषध नाही.

५ पैकी ४.