मोफत स्काल्प चेकअप, 7,499 रुपयांचा किट

घोडबंदर रोडवरची एक मोठी सोसायटी. नवरात्र संपलेलं, दिवाळी तोंडावर आलेली, रविवारची सकाळ. क्लबहाऊसच्या दारात एक टेबल, त्यावर लॅपटॉप आणि जाड पेनासारखा कॅमेरा, मागे पांढरे एप्रन घातलेल्या दोन मुली. सातव्या मजल्यावरच्या एक बाई भाजी घेऊन परत येताना तिथे थांबल्या आणि वीस मिनिटांनी 7,499 रुपयांचा किट घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या. 30 मिलीच्या सीरमच्या दोन बाटल्या, 200 मिली कांद्याचा शाम्पू, 200 ग्रॅम केराटिन मास्क, बायोटिन या जीवनसत्त्वाच्या 60 गमीज (चघळायच्या गोळ्या) आणि 'फ्री' म्हणून शॉवरला लावायचा फिल्टर. ते बिल आणि त्या बाटल्या समोर ठेवून हे लिहिलं आहे. कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, कारण पुढच्या महिन्यात हेच टेबल दुसऱ्या नावाने वाशीत किंवा खारघरला लागतं. पद्धत मात्र तीच असते.

आधी हंगाम बघा. पावसाळ्यात डेंग्यू, टायफॉइड, व्हायरल यांची साथ असते. मोठा ताप येऊन गेला की वाढीच्या अवस्थेतले बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. बाळंतपण, मोठं ऑपरेशन, कडक डाएट यांनंतरही असंच होतं. एरवी प्रत्येकाचे रोज 50 ते 100 केस गळतात. या काळात फणीत पुंजके येतात. पण मुळं शाबूत असतात, त्यामुळे कारण दूर झालं की साधारण सहा महिन्यांत ही गळती आपसूक थांबते. म्हणजे ऑगस्टमध्ये ताप, ऑक्टोबरात गळती, आणि जानेवारी-फेब्रुवारीत आराम, काही लावा किंवा लावू नका. अशा माणसाला ऑक्टोबरात '90 दिवसांत फरक' असं सांगायला हिंमत लागत नाही. या बाईंना ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला होता. टेबलावर तो प्रश्न कोणी विचारला नाही.

आता कॅमेरा. हा दीड-दोनशे पट मोठं दाखवणारा यूएसबी मायक्रोस्कोप असतो आणि पडद्यावर येते ती टाळूची जेमतेम एक-दोन मिलिमीटर जागा. एवढ्या जवळून कोणाचीही टाळू घाण दिसते. तेलाचा थर आणि त्वचेचे सुटे पापुद्रे तासाभरापूर्वी डोकं धुतलेल्या माणसाच्याही टाळूवर असतात. "मॅम, तुमचे फॉलिकल्स (केस उगवतात ती छिद्रं) ब्लॉक झालेत," हे वाक्य त्या चित्रावर केव्हाही बसतं.

खरी हातचलाखी जागेत आहे. डोक्याच्या मागच्या भागात केस दाट असतात, एकेका छिद्रातून दोन-तीन केस निघतात. कपाळाच्या कडेला आणि कानशिलाजवळ ते मुळातच एकेकटे आणि बारीक असतात. मुलगी कॅमेरा लावते कानशिलाला, आणि शेजारच्या 'हेल्दी स्काल्प'च्या तक्त्यावर फोटो असतो मागच्या भागाचा. नंतर कापसाने टोनर फिरवून दुसरा फोटो घेतात, तो भलत्याच ठिकाणचा, शिवाय तेलाची चमक लपवणारा पोलराइज्ड लाइट चालू करून. यावर उपाय सोपा आहे: "याच झूमवर माझा मागचा भाग दाखवा" म्हणा. त्वचारोगतज्ज्ञही हीच तुलना करतात. माथ्यावरच्या केसांत जाड-बारीक असा फरक 20 टक्क्यांहून जास्त केसांत दिसला तर अनुवंशिक विरळपणाचा संशय घेतात. टेबलावर हे मोजत नाहीत.

मग केस ओढून दाखवतात. डॉक्टर 50-60 केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढतात आणि सहाहून जास्त हातात आले तर गळती चालू आहे असं धरतात. पण तीन दिवस न धुतलेले, वेणीत बांधलेले केस ओढले तर आधीच सुटून अडकलेले केसही सोबत येतात. वर टोकाचा पांढरा ठिपका दाखवून "मुळापासून निघतोय" म्हणतात. तो ठिपका म्हणजे मूळ नव्हे. आयुष्य संपलेल्या प्रत्येक केसाला तो असतो. मूळ कातडीत जिथल्या तिथे राहतं.

किटमधला सीरम सर्वांत महाग. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात '3% रेडेन्सिल'. रेडेन्सिल हे एका कच्च्या मालाचं व्यापारी नाव आहे आणि तो माल कारखान्यात येतो तोच द्रावणाच्या रूपात. त्यामुळे 3 टक्के म्हणजे त्या द्रावणाचे 3 टक्के, आतला कामाचा घटक त्याहून पुष्कळ कमी. शिवाय त्याच्या गुणाचे दाखले बहुतेक बनवणाऱ्यांनीच दिलेले. तो अपाय करेल असं नाही, पण मिनॉक्सिडिल या केस वाढवणाऱ्या औषधाच्या पंक्तीला त्याला बसवू नका.

त्याहून गंमत हिशेबात आहे. डबीवर लिहिलंय रोज रात्री 1 मिली. दोन बाटल्या मिळून 60 मिली, म्हणजे 60 दिवस. हमी 90 दिवसांची! गमीज रोज दोन, म्हणजे 30 दिवस. हमीपत्राच्या मागे बारीक अक्षरात 'संपूर्ण कोर्स सलग पूर्ण केल्यास' अशी अट आहे. तिसरी बाटली आणि गमीजचे आणखी दोन डबे घेतले नाहीत तर कोर्स अपुरा, आणि परतावा नाही. सगळ्या भानगडीत बनवेगिरी सगळ्यात स्वच्छ दिसते ती इथे, आणि तिला केमिस्ट्री लागत नाही, भागाकार पुरतो.

कांद्याचा शाम्पू वाचायची एक युक्ती आहे. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या लेबलावर 1 टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. त्याखालचे कसेही लिहिले तरी चालतात. यादीत 'फिनॉक्सीइथेनॉल' शोधा. हे टिकाऊपणासाठीचं रसायन, त्याची कमाल मर्यादाच 1 टक्का आहे. त्याच्यानंतर जे येतं ते बहुतेक चिमूटभर. या बाटलीत कांद्याचा अर्क फिनॉक्सीइथेनॉल आणि सुगंध या दोन्हींच्या नंतर आहे. कांद्याबद्दल ज्या अभ्यासाचा दाखला देतात तो 2002 सालचा, छोटा, आणि चाई पडलेल्यांवरचा. त्यात कच्चा रस दिवसातून दोनदा चोळला होता. दोन मिनिटांत धुऊन जाणाऱ्या शाम्पूचा त्याच्याशी काही संबंध नाही. 'सल्फेट फ्री' या शब्दावरही भाळू नका. सल्फेट म्हणजे शाम्पूतलं मळ काढणारं रसायन. ते काढून सोडियम ओलेफिन सल्फोनेट घातलं की लेबल खरं राहतं, आणि ते केसांतलं तेल तेवढ्याच जोरात काढतं.

मास्कमध्ये नावाला केराटिन (केस ज्याचा बनतो ते प्रथिन), पण कामाचे घटक सीटिअरिल अल्कोहोल, बेहेनट्रायमोनियम क्लोराइड आणि डायमेथिकोन. हेच तिन्ही साध्या कंडिशनरमध्येही असतात. टाळूबाहेरचा केस जिवंत नसतो, तो 'रिपेअर' होत नाही. वरून गुळगुळीत होतो इतकंच, आणि तेवढं काम कुठलाही बरा कंडिशनर करतो. फाटलेल्या टोकांना कात्रीच.

बायोटिनची मोठ्या माणसाची रोजची गरज 30 मायक्रोग्रॅम, गमीमध्ये 10,000. कमतरता क्वचितच असते. मात्र एवढ्या बायोटिनने थायरॉइड आणि हृदयाच्या ट्रोपोनिन चाचणीचा निकाल चुकू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्येच तसा इशारा दिला आहे. केस गळतात म्हणून थायरॉइड तपासायला निघालेल्या बाईच्या हातात नेमकी हीच गमी द्यायची, याला काय म्हणावं? रक्त द्यायला गेलात तर लॅबला सांगा, आणि डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद करा.

राहिला फिल्टर. किट पटवण्यासाठी पाण्याचा जो खेळ केला तो असा: एका ग्लासात सोसायटीचं पाणी, दुसऱ्यात आरओचं, दोन्हींत सळ्या बुडवून प्लग लावायचा. मिनिटभरात नळाचं पाणी पिवळं, मग हिरवट, मग चहाच्या गाळासारखं तपकिरी. आरओचं स्वच्छ. बघणारा हबकतो. तो गाळ पाण्यातला नसतो, सळ्यांतला असतो. त्यातली एक सळी लोखंडाची. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि गंजून खाली बसतं. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसल्याने वीजच वाहत नाही. खात्री करायची तर विक्रेत्याला आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा प्लग लावायला सांगा (त्यालाच लावू द्या, ते यंत्र 230 व्होल्टवर चालतं). तेही तपकिरी होईल.

टीडीएस मीटरचंही तसंच. तो एकूण विरघळलेले क्षार मोजतो. केसांना राठ करतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा, तो वेगळा आकडा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा 500, जडपणाची 200 मिलिग्रॅम प्रति लिटर. ठाण्याला भातसाचं आणि नवी मुंबई महापालिकेला मोरबेचं पाणी येतं, ते पावसाचं साठवलेलं, फार जड नसतं. त्रास होतो तो टँकर आणि बोअरचं पाणी मिसळतं तिथे. घरी बघायचं तर पारदर्शक बाटलीत ग्लासभर पाणी घ्या, वाटाण्याएवढा अंगाचा साबण किसून टाका, दहा वेळा हलवा. फेस न येता दह्यासारखा साका आला तर पाणी जड. शाम्पू वापरून ही परीक्षा होत नाही, तो जड पाण्यातही फेसाळतो.

आणि पाणी जड निघालं तरी शॉवरचा फिल्टर उपयोगाचा नाही. त्यातला कार्बन आणि कॅल्शियम सल्फाइट क्लोरीन कमी करतात, जडपणा तसाच राहतो. जडपणा काढायला रेझिन (क्षार धरून ठेवणारे बारीक मणी) लागतं. एक लिटर रेझिन साधारण 50 ग्रॅम क्षार धरतं, मग त्याला मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. फिल्टरच्या डबीत फार तर 200 मिली मावेल, म्हणजे 10 ग्रॅम. जडपणा 300 असेल तर 33 लिटर पाण्यात ते संपलं. म्हणजे शॉवरची जेमतेम एक अंघोळ. त्यापेक्षा शेवटचे दोन मग पिण्याच्या नळाच्या पाण्याचे ओतावे आणि पंधरा दिवसांतून एकदा लेबलावर ईडीटीए (जडपणाचे क्षार धरून ठेवणारं रसायन) असलेला शाम्पू वापरावा.

पैसे देताना त्या मुलीने बाईंचा फोन घेऊन 'नो कॉस्ट ईएमआय' केलं आणि ओटीपी विचारला. तो कर्जाचा ओटीपी होता. असं झालं तर त्याच दिवशी ईमेलमधलं करारपत्र उघडा. डिजिटल कर्जाला कूलिंग-ऑफ मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि तितक्या दिवसांचं व्याज भरलं की दंड न देता बाहेर पडता येतं. मुदत छोटी असते, म्हणून 'उद्या बघू' करू नये.

याच बाईंना खरं काय लागलं असतं? सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइड) या रक्तचाचण्या. जेवणात डाळ-उसळ-अंडी. कोंडा असेल तर केमिस्टकडचा 2 टक्के कीटोकोनाझोल शाम्पू, आठवड्यातून दोनदा, टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवून, दोन ते चार आठवडे. त्या काळात टाळूला तेल नको, कोंड्याची बुरशी तेलावरच जगते. एरवी धुण्याआधी केसांच्या लांबीला खोबरेल. खोबरेल केसातलं प्रथिन वाचवतं असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या प्रयोगात दिसलं होतं (प्रयोग खोबरेल विकणाऱ्या कंपनीचाच, हेही सांगायला हवं). साधा शाम्पू, लांब केसांना एका वेळी 8-10 मिली. आता बाटलीवर प्रति मिली किंमत छापावी लागते, ती ताडून बघा; एक-दोन रुपयांचं पाऊच पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतं. अनुवंशिक विरळपणा असेल तर मिनॉक्सिडिल, पण डॉक्टरांकडून: कोरड्या टाळूवर, पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढू शकते हे धरून, निदान चार महिने, आणि सोडलं की मिळालेलं जातं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्यांनी लावू नये. घरात मांजर असेल तर तिच्यापासून दूर. तिला ते विष आहे.

तक्रारीसाठी बिल, हमीपत्राच्या दोन्ही बाजू, बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक आणि टेबलाचा फोटो जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. 'टक्कल घालवतो' असं कुठे छापलेलं असेल तर तो कागद सोन्याचा: औषध नियमांतल्या शेड्यूल जे या आजारांच्या यादीत टक्कल आहे, आणि ते बरं करण्याचा दावा औषधालाही करता येत नाही. असा कागद राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवा.

बाईंनी तीन आठवड्यांत किट कपाटात टाकला. जानेवारीच्या मध्यात त्यांची गळती थांबली. त्याच रविवारी किट घेतलेल्या, त्याच साथीत तापलेल्या चौथ्या मजल्यावरच्या शेजारणीने तिसऱ्या बाटलीसकट कोर्स पुरा केला. त्यांचीही गळती जानेवारीतच थांबली. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी सीरमचा फोटो टाकलाय, खाली चौदा अंगठे, आणि गुढीपाडव्याला टेबल पुन्हा लावायचं ठरतंय.