पार्किन्सन्सच्या संशोधनात जायचंय: औषधाची ट्रायल बरी की निरीक्षणाचा अभ्यास?

निदान होऊन वर्ष-दोन वर्षं झालीत, लेव्होडोपावर (पार्किन्सन्सची नेहमीची गोळी) बरं चाललंय, आणि न्यूरॉलॉजिस्टने विचारलंय की संशोधनात भाग घेणार का, एक औषधाची ट्रायल आहे आणि एक नुसता निरीक्षणाचा अभ्यास, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही केलंय, आधी ट्रायल, ती पूर्ण झाल्यावर निरीक्षण, आणि त्यात अजून आहे. प्लासिबो (औषध नसलेलं नकली औषध), फेज, संमतीपत्र वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, तेव्हा एका माणसाचं मत म्हणूनच वाचा.

ट्रायलचं पारडं पहिल्या नजरेत जड दिसतं आणि त्यात चूक काही नाही. आजाराचा वेग कमी करतंय असं सिद्ध झालेलं एकही औषध आज हातात नाही, आणि ते सापडायचं तर कुणीतरी टोचून घ्यायलाच हवं ना. शिवाय लक्ष खूप मिळतं. नेहमीच्या ओपीडीत थरथर कशी आहे, झोप लागते का, डोस हाच चालू ठेवा, संपलं. ट्रायलच्या नर्सला मात्र माझ्या बद्धकोष्ठतेपासून ते रात्री झोपेत ओरडण्यापर्यंत सगळ्यात रस होता, बोलणारं माणूस मिळणं ही काही छोटी गोष्ट नाही.

पण अपेक्षा जरा आवरून जा. एक्सेनाटाइडचं घ्या, मधुमेहाचं इंजेक्शन. २०१७ साली ६२ जणांच्या ट्रायलमध्ये हालचालींचा स्कोअर प्लासिबोपेक्षा साडेतीन पॉइंटांनी सरस आला आणि आम्ही सगळे पेशंट हरखलो. मग १९४ जणांवर ९६ आठवड्यांची मोठी ट्रायल झाली, २०२५ मध्ये निकाल आला, काहीच फायदा नाही. त्याच जातीच्या लिक्सिसेनाटाइडने २०२४ मध्ये १५६ जणांत थोडा फरक दाखवला खरा, पण जवळपास निम्म्या लोकांना मळमळ. अल्फा-सिन्यूक्लिन या आजारात मेंदूत साचणाऱ्या प्रथिनावरच्या अँटीबॉडी, प्रासिनेझुमॅब आणि सिनपानेमॅब, दोघींच्या ट्रायल २०२२ मध्ये छापून आल्या आणि दोन्हींत मुख्य निकाल नकारार्थीच. ट्रायल वाया गेल्या असं म्हणत नाहीये मी, काय चालत नाही हेही कळावंच लागतं, फक्त आपल्याला 'नवीन औषध लवकर मिळेल' म्हणून कोणी जात असेल तर त्याने हे आधी वाचावं.

आणि पार्किन्सन्समध्ये प्लासिबो भलताच जोरात चालतो, २००१ मध्ये पेट स्कॅनवर दिसलंय की औषध मिळणार या नुसत्या अपेक्षेनेसुद्धा मेंदूत डोपामिन (या आजारात कमी पडतं ते रसायन) सुटतं. त्यामुळे सुरुवातीचे महिने मला झकास वाटलं हे सांगण्यात काही दम नाही. शेवटी कोड उघडला तेव्हा मी कुठल्या गटात निघालो तेही सांगत नाही, तुमचा निर्णय त्यावर हलू नये.

आता खरी गोष्ट, ज्यावरून माझं ठरलं. ऑफ व्हिजिट.

लेव्होडोपा चालू असताना आजार किती पुढे गेलाय ते नीट दिसत नाही, गोळी झाकून टाकते. म्हणून बऱ्याच ट्रायलमध्ये महत्त्वाची तपासणी 'ऑफ'मध्ये करतात, म्हणजे आदल्या संध्याकाळची शेवटची गोळी घ्यायची आणि मग निदान बारा तास काही नाही. कागदावर ही एक ओळ असते, सहीच्या वेळी डोळ्यांखालून निघून जाते. प्रत्यक्षात ती एक अख्खी रात्र असते. कूस बदलायची तर आधी गुडघा, मग खांदा, मग चादरीला धरून उरलेलं अंग असं हप्त्याहप्त्याने वळायचं, पहाटे डाव्या पायाची बोटं आत वळून घट्ट होतात आणि ती सोडवायला हात पोचेपर्यंत पोटरीत गोळा आलेला असतो. सकाळी शर्टाची बटणं बायको लावते. गाडी चालवणं शक्यच नाही, म्हणजे तिची रजा. तिथे पोचलं की खुर्चीवर बसून अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटायची, जितकं मोठं आणि भरभर जमेल तितकं, दहा वेळा, माझी चौथ्या-पाचव्यालाच बोटं चिकटल्यासारखी व्हायची. हाताची घडी घालून उठून दाखवायचं. मग तपासणारा मागे उभा राहून खांदे धरून झटका देतो, पडतो की सावरतो ते बघायला. तुमच्या सगळ्यात वाईट अवस्थेतला हा कार्यक्रम एक अनोळखी माणूस शांतपणे आकडे लिहीत बघत असतो, आणि त्याला तुमचा गट कळू नये म्हणून गप्पाही मोजूनमापून. मग तिथेच गोळी घ्या, चढेपर्यंत बसा, आणि तोच सगळा प्रकार पुन्हा 'ऑन'मध्ये.

ह्याचं शास्त्रीय कारण पटतं मला, तक्रार तिथे नाही. तक्रार अशी की एवढं करूनही बारा तासांत लेव्होडोपाचा असर पूर्ण उतरत नाहीच, त्याचा एक लांब टिकणारा भाग असतो जो जायला दिवस नव्हे, आठवडे लागतात. २००४ च्या एल्डोपा ट्रायलमध्ये ४० आठवड्यांनंतर दोन आठवडे गोळ्या बंद ठेवल्या तरी लेव्होडोपावाले प्लासिबोवाल्यांपेक्षा बरे होते, आणि त्या दोन आठवड्यांतही असर उरला असेल का यावर वाद राहिलाच. म्हणजे माझी ती रात्र 'खरा आजार' दाखवायला नव्हती, अंदाज जरा बरा यावा एवढ्यासाठीच होती. त्यात भर म्हणजे ट्रायलभर नेहमीच्या गोळ्यांचा डोस शक्यतो हलवायचा नाही, दुपारी गोळी लवकर उतरते म्हटलं तरी उत्तर, पुढच्या व्हिजिटपर्यंत जमेल का बघा. (सुरक्षेसाठी डोस बदलता येतो, कुणी जबरदस्ती करत नाही. पण मग आपला डेटा बिघडेल म्हणून आपणच दात आवळून बसतो.)

निरीक्षणाचा अभ्यास त्यामानाने रटाळ. औषध नाही, आशा नाही, प्रश्नावल्या मात्र ढीगभर. कंबरेतून मणक्यातलं पाणी काढतात ते नको वाटतं हे कबूल, मला नंतर डोकेदुखी झाली होती, आडवं पडलं की थांबायची आणि बसलं की परत. बारीक बोथट टोकाची सुई वापरणार का ते विचारा, तिने हा त्रास कमी होतो. वासाची चाचणी (या आजारात वास बऱ्याचदा जातो) गमतीशीर आहे, कागदावरची पट्टी खरवडायची, हुंगायची आणि चार पर्यायांतला एक निवडायचा, काहीही वास आला नाही तरी टिक करावीच लागते. चाळीस पट्ट्या. मी निम्म्यांवर निव्वळ नेम धरून दगड मारला.

पण हाच रटाळ माल कामी येतो. पीपीएमआय हा पार्किन्सन्सचा मोठा निरीक्षणाचा अभ्यास २०१० पासून चालू आहे, त्यातल्या ११२३ जणांच्या पाठीच्या पाण्यावर २०२३ मध्ये सीड अॅम्प्लिफिकेशनची, म्हणजे बिघडलेलं अल्फा-सिन्यूक्लिन शोधणारी, चाचणी तपासली, तर पार्किन्सन्स असलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्क्यांत ती पॉझिटिव्ह आली. आनुवंशिक नसलेला आजार आणि त्यात वासही गेलेला, अशांत तर ९८.६ टक्के. एलआरआरके२ या जीनमधल्या बदलामुळे आजार झालेल्यांत मात्र साधारण दोन तृतीयांशच, म्हणजे तो आजार बहुधा सगळ्यांचा एकसारखा नाही. पुढच्या ट्रायलमध्ये कोणाला घ्यायचं हे अशाच गोष्टींवरून ठरत जाईल असं मला वाटतं, आणि त्यात माझ्या त्या पट्ट्यांसारख्या हजारो पट्ट्या आहेत.

मुख्य म्हणजे माझे न्यूरॉलॉजिस्ट डोस हवा तेव्हा बदलतात, अभ्यासवाले फक्त नोंद करतात. माझ्या अभ्यासात तपासणी गोळ्या घेऊनच होते. सगळीकडे असं नसतं हां, काही निरीक्षणाच्या अभ्यासांतही ऑफ तपासणी असते, तेव्हा गृहीत धरू नका.

ट्रायलच्या बाजूने एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. बऱ्याच ट्रायलना निदान नुकतंच झालेले लोक हवे असतात, काहींना तर लेव्होडोपा सुरूच न केलेले, आणि ती वेळ गेली की गेली. निरीक्षणाला तशी घाई सहसा नसते. तुम्ही त्या टप्प्यात असाल, घरात रजा घेऊ शकणारं कोणी असेल आणि गोळी चुकली तरी रात्र बरी जात असेल, तर आधी ट्रायल करा, मी अडवणार नाही. पण गोळी उतरताना तुमचे हाल होत असतील तर निरीक्षणात गेलात म्हणून संशोधनाला कमी हातभार लागला असं मला तरी वाटत नाही.

ट्रायलच घेणार असाल तर सही करण्याआधी कोऑर्डिनेटरला इतकंच विचारा: ऑफ व्हिजिट किती, त्या सकाळी न्यायला गाडी पाठवणार का, आणि तपासणीची वेळ सकाळी लवकरात लवकर कितीची मिळेल. तिसरा प्रश्न मुद्दाम विचारा, नऊची व्हिजिट साडेअकराला सुरू झाली की बाराचे साडेचौदा तास होतात.