प्राथमिक कलाशिक्षकांची कार्यशाळा, नौपाडा : दोन दिवसांचा अनुभव

पहिली ते पाचवीला चित्रकला शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी ठाण्यातल्या नौपाड्यात शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची कार्यशाळा झाली, तिला मी गेले होते. शुल्क बाराशे रुपये होते. कागद, रंग आणि दुपारचे जेवण त्यातच होते. मी चौथीची वर्गशिक्षिका आहे, चित्रकलेची पदविका माझ्याकडे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची (म्हणजे अर्धवेळ शिक्षकाची) तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी आणि तीही पटसंख्या शंभरावर असेल तर. त्याखालच्या वर्गांत हा विषय बहुतेक ठिकाणी आमच्यासारख्यांच्याच हाती असतो, म्हणून ही कार्यशाळा मला फार गरजेची वाटली.

पहिल्या सकाळी मार्गदर्शकांनी मुलांची वीसेक चित्रे जमिनीवर मांडली आणि प्रत्येकाला त्यांतले चांगले चित्र उचलायला सांगितले. आमच्यातल्या बहुतेकांचा हात दोन डोंगर, मधोमध सूर्य, नदी आणि झोपडी असलेल्या नेटक्या निसर्गचित्राकडे गेला. मासुंदा तलावाचे एक चित्र मात्र कोणीच उचलले नव्हते, कारण त्यात काठावरची माणसे आणि झाडे चारही बाजूंना आडवी पडलेली दिसत होती. मार्गदर्शकांनी तो कागद हळूहळू फिरवला, तेव्हा ध्यानात आले की तलावाला फेरी मारताना जे जे समोर येते, ते मुलाने त्या त्या बाजूने काढले होते. सात-आठ वर्षांची मुले अशी जागा उलगडून दाखवतात. ती त्या वयाची रीत आहे, चूक नव्हे. असे एक चित्र मी वर्गात स्वतः खोडायला लावले होते, ते आठवून मला खरोखर वाईट वाटले.

यावरून झालेली चर्चा हा या दोन दिवसांतला सर्वांत मोलाचा भाग होता. आधी हात वळला पाहिजे, रेषेवर ताबा आला पाहिजे, असे ज्येष्ठ शिक्षकांचे म्हणणे होते, तर मुलाला नमुना दाखवूच नये, यावर काही तरुण शिक्षिका ठाम होत्या. मार्गदर्शकांनी कोणालाही गप्प केले नाही. माझे मत असे झाले की, साधन कसे वापरायचे ते जरूर शिकवावे, विषय आणि मांडणी मात्र मुलावर सोडावी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या वरच्या वर्गांतल्या मुलांच्या शासकीय रेखाकला परीक्षांतल्या वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्राच्या अपेक्षा आपण नकळत दुसरीच्या मुलांनाही लावतो, हे एका सहकाऱ्याचे निरीक्षण मला पटले.

वारलीचे सत्र बरे झाले. गेरूवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने काम केले आणि लग्नाच्या वेळी भिंतीवर काढतात त्या लग्नचौकाचा अर्थही सांगितला गेला. एरवी शाळांत वारली म्हणजे दोन त्रिकोण जोडून माणूस, एवढेच उरते.

कलाशिक्षणाच्या निकषांचे सत्र मात्र घाईत उरकले, ही माझी मुख्य तक्रार आहे. अमेरिकेतील 2014 च्या राष्ट्रीय कला-निकषांत निर्मिती, सादरीकरण, प्रतिसाद आणि जोडणी अशा चार प्रक्रिया मानल्या आहेत, हे सांगितले गेले. आपल्या 2023 च्या शालेय राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलेला स्वतंत्र अभ्यासक्षेत्राचे स्थान दिले आहे, हेही आले. परंतु आम्हाला आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर शिकवतानाच करायच्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात आणि तिथे ‘रंगसंगती छान करतो’ यापलीकडे काय लिहावे, याचा सराव हवा होता. त्यासाठी जेमतेम वीस मिनिटे मिळाली. त्या नोंदींसाठी एक पूर्ण दुपार राखली, तर मी पुन्हा शुल्क भरून जाईन.

रेखाकला परीक्षेची तयारी करून घेणाऱ्यांना इथे फारसे काही मिळणार नाही. प्राथमिकच्या वर्गशिक्षकांनी मात्र जरूर जावे आणि जाताना आपल्या वर्गातली पाच-सहा चित्रे, विशेषतः फसलेली वाटणारी, सोबत न्यावीत. दुसऱ्या दिवशीचे काम त्यांच्यावरच चालते.